संत्रा तोडणीचं गाणं

हे मी आजवर कोणाजवळ काढलेलं नाही. माणसं नव्हती असं नाही — माझ्या दुकानात दिवसभर माणसं येतात, चहा पितात, देशाचा कारभार दोन मिनिटांत सुधारून निघून जातात. पण हा विषय जिभेवर आला की मी हवापाण्यावर बोलायला लागतो. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही. म्हणून कदाचित जमेल. नाही जमलं तर समजा, एक माणूस हवापाण्यावर बोलला.

माझं दुकान पांढुर्ण्याच्या बाजारात आहे. बाहेर पाटी — फोटो, लॅमिनेशन, लग्नाची शूटिंग, डीजे मिक्सिंग. जयंती असो, गणपती असो, नाहीतर सावरगावातली एखादी वरात असो, गाण्यात ठोके भरून द्यायचं काम माझ्याकडे येतं. हे झालं पोटाचं. दुकानाच्या मागच्या बाजूला प्लायवूडचं पार्टिशन आहे. त्याच्याआड एक कॉम्प्युटर, दोन स्पीकर आणि एक खुर्ची. एकच खुर्ची. तिथं मी माझं स्वतःचं संगीत करतो. इलेक्ट्रॉनिक म्हणतात त्याला. वाजवणारा कोणी नाही, गाणारा कोणी नाही, सगळं कॉम्प्युटरवर एकेक आवाज लावत रचायचं. ते मी दुसऱ्याच नावानं इंटरनेटवर टाकतो. गावाला त्याचा पत्ता नाही. असता तरी गावानं एवढंच विचारलं असतं, यावर वरात नाचते का?

नाही नाचत. मी करून पाहिलंय.

हे वेड कुठून लागलं म्हणाल, तर ते सांगायला मला लाज नाही. कोणा उस्तादाकडून नाही. लहानपणी आमच्या घरामागे कापसातून सरकी काढणारी जिनिंग होती. ती सुरू झाली की भिंत थरथरायची, ताटातली वाटी सरकायची, आणि मी त्या ठोक्यावर पाढे म्हणायचो. पुढे मालगाड्या आल्या, संत्र्याच्या मंडीतला बोली लावणारा आला — त्याचं एका दमात चढत जाणं, आणि शेवटच्या आकड्यावर गप्कन थांबणं. हे सगळं मी माझ्या संगीतात घातलेलं आहे. एवढं खरं आहे. माझ्यापाशी एवढंच खरं होतं आणि तेवढं पुरलं असतं. मग मी ते का केलं?

थांबा. आधी विनोदबद्दल सांगायला पाहिजे.

विनोद माझा मावसभाऊ. माझी आई गेली तेव्हा मी नववीत होतो. बाबांची बदलीची नोकरी, ते मला कुठं कुठं फिरवणार? मोहगावच्या सुमनमावशीनं मला नेलं. दोन वर्षं मी तिच्याकडे होतो. मी आणि विनोद एका ताटात जेवायचो, कारण वेगळी ताटं दिली की आम्ही एकमेकांच्या ताटातलं पळवायचो. मावशी मला गुड्डू म्हणते. आता मी चाळिशीला टेकलो, डोक्यावर केस मोजून राहिले आहेत, लग्न झालं नाही, बाबाही गेले. मला गुड्डू म्हणणारी ती एकटीच उरली आहे.

तर विनोद. बोरगावच्या एका कारखान्यात पॅकिंगला होता. रविवारी मोटरसायकल काढायचा, पांढुर्ण्याला यायचा, माझ्या एकुलत्या खुर्चीत बसायचा, हेडफोन लावायचा आणि डोळे मिटायचा. मी बाजूला उभा. त्याच्या चेहऱ्याकडे बघत — भुवई हलली का, पाय हलला का. माझं संगीत पुरं ऐकणारा या जगात तो एकच होता, म्हणजे ज्याचा चेहरा मला दिसत होता असा. शेवटी हेडफोन काढून तो दर वेळी तेच म्हणायचा, "मस्त हाय बे. पन याच्यात मानूसच नाही कोनी."

मला राग यायचा. त्याला काय कळतं, खोकी भरणाऱ्याला, असंही मनात यायचं. त्याचं बरोबर होतं म्हणूनच यायचं.

विनोद मे महिन्यात गेला. कावीळ. पहिले काही दिवस झाडपाल्याच्या औषधात गेले, नागपूरला नेला तेव्हा उशीर झाला होता. तो पस्तिशीचा होता. सकाळी दहाच्या सुमारास गाडी त्याला घेऊन मोहगावला आली आणि मी पांढुर्ण्याहून तोवर पोचलो होतो. तो दिवस मला सांगायचा आहे. सांगतो.

आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊक असेल, नसेलही. आमच्याकडे बाई मेलेल्या माणसासाठी नुसती रडत नाही, ती त्याच्याशी बोलत रडते. सुरात. तो काय खायचा, कसा चालायचा, काय बोलून घराबाहेर पडला, सगळं त्याला सांगते, विचारते, त्याच्यावर रागावते. मध्येच थकून गप्प होते. मग दारातून बाहेरगावची कोणी नातेवाईक बाई येते, गळ्यात पडते, आणि ते पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं, पहिल्याहून वरच्या सुरात. पुरुष बाहेर बांबू, दोरी, मडकं यांच्या मागे असतात. मी घरातल्यासारखा, म्हणून आत होतो. भिंतीला टेकून उभा.

मावशी विनोदच्या उशाशी बसली होती. "डबा भरून ठेवला रे माह्या राजा, आता कोनाले देऊ मी तो डबा?" असं ती म्हणाली आणि खोलीतल्या सगळ्या बायका हलल्या. मला वाटलं, आता मला रडू फुटेल.

आणि मग — कसं सांगू — मला ऐकू यायला लागलं. शब्द नव्हे. सूर. ती दर ओळ वेगवेगळ्या उंचीवर नेत होती, पण "रे" म्हणताना न चुकता एकाच खालच्या सुरावर येऊन टेकत होती. दोन ओळींच्या मध्ये तिचा हुंदका पडत होता, आणि तो कुठेही पडत नव्हता. मी मनात मोजलं. सात. पुन्हा मोजलं. सात. माझा भाऊ समोर निजवलेला, त्याच्या नाकात कापूस, आणि मी मात्रा मोजत होतो.

फोन हातातच होता, सकाळपासून नातेवाइकांना कळवत होतो. मी रेकॉर्डिंग सुरू केलं आणि फोन गव्हाच्या कोठीवर ठेवला. मावशीपासून चार हातांवर.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी आज कदाचित स्वतःला काहीतरी समजावलं असतं. म्हटलं असतं, दुःखात माणूस काहीही करतो. पण खोलीत कूलर सुरू होता. तुम्ही मे महिन्यातला आमच्याकडचा कूलर ऐकला असेल, तो हवा कमी देतो आणि बोंबलतो जास्त. त्या घरघरीत मावशीचा खालचा सूर बुडत होता. ही गोष्ट मला सहन होईना. मी बायकांमधून वाट काढत गेलो आणि कूलर बंद केला. कोणी तरी विचारलं, काहून रे? मी म्हटलं, वायर गरम होऊन राहिली, जळून जाईल. वायरीला काही झालेलं नव्हतं. दारातले एक म्हातारे म्हणाले, "पोराले भान हाय."

भान होतंच. पुरतं होतं.

पत्र्याचं घर. पंचवीस-तीस बायका. त्या पदरानं वारा घेत बसल्या, आणि एक शब्दही बोलल्या नाहीत, कारण अशा घरात उकाड्याची तक्रार कोण करणार? विनोदच्या थोरल्या आत्याला भोवळ आली. तिला बाहेर नेऊन तोंडावर पाणी मारलं. मी पाहिलं ते. कूलर मी लावला नाही. अकरा मिनिटांनी पुरुष आत आले, "चला, उचला" म्हणाले, तेव्हा मी फोन खिशात घातला, कूलरचं बटण पुन्हा दाबलं, आणि बाहेर जाऊन तिरडीला खांदा दिला.

तेरवी झाली आणि मी दुकानाच्या मागच्या खोलीत शिरलो. महिना-दीड महिना बाहेर आलोच नाही म्हणा ना. जिनिंगचा ठोका खाली ठेवला. वर मावशीचा आवाज. शब्द कळू नयेत म्हणून मी ओळी तोडल्या, मागेपुढे केल्या, फक्त सूर राहू दिला आणि तो "रे". आणि तिचा हुंदका — तो कापून वेगळा काढला, स्वच्छ केला, आणि जिथं आपण टाळी वाजवतो त्या जागी बसवला. दर सातव्या मात्रेला. हे लिहिताना हात थांबतो आहे. तेव्हा थांबला नव्हता. तेव्हा मी खूश होतो. आजवर केलेल्यात हे सगळ्यात चांगलं आहे, हे मला कळत होतं, आणि ते चांगलंच होतं, त्यात खोटं नाही. ज्याला ऐकवावं तो नव्हता. शेवटी एकदाचा त्यात माणूस आला होता.

ते इंटरनेटवर टाकलं आणि ते माझ्या हातून सुटलं. याआधी माझं संगीत ऐकणारे बोटावर मोजण्याइतके, आता कुठल्या कुठल्या देशांतून लोक लिहायला लागले. एकानं व्हिडिओ पाठवला. कुठलं तरी मोठं शहर, मोठा हॉल, शेकडो पोरंपोरी. माझं संगीत सुरू आहे. मावशीचा सूर चढत जातो, सगळे दम धरून थांबतात, आणि ती "रे"वर खाली येते तसे सगळे हात वर करून उडी मारतात. हसत. भर दुपारी दुकानात बसून मी तो बघितला. बाहेर एक गिऱ्हाईक पासपोर्ट फोटोसाठी केस विंचरत उभं होतं. मी त्याला म्हटलं, हनुवटी थोडी वर करा.

मग इंटरनेटवरच्या एका कार्यक्रमात मला बोलावलं. म्हणजे बोलावलं कुठं, कॉम्प्युटरवरच समोरासमोर. विषय असा की अशा संगीतकारांना कुठल्या कुठल्या अनपेक्षित गोष्टींतून सुचतं. एकाला म्हणे देवळातल्या घंटेतून सुचलं होतं, एकीला वडिलांच्या शिलाई मशीनमधून. मी जिनिंगचं सांगितलं, मंडीतल्या बोलीचं सांगितलं. सगळं खरं. मग समोरच्यानं विचारलं, आणि तो आवाज? ती बाई कोण आहे?

एक क्षण होता तेव्हा. मला तो आठवतो. त्या क्षणात मी म्हणू शकलो असतो, ती माझी मावशी आहे.

मी म्हणालो, आमच्याकडे संत्र्याच्या बागा आहेत. संत्रा तोडताना बायका एक गाणं म्हणतात. फार जुनं आहे. आता म्हणणाऱ्या फार थोड्या उरल्या आहेत.

तुम्ही सौसर-पांढुर्ण्याच्या बागांत कधी गेला असाल तर आत्ताच हसला असाल. असं गाणं नाही. नव्हतंच कधी. तोडणीला बायका मोबाइलवर सिनेमातली गाणी लावतात, नाहीतर सासवांचा हिशेब चुकता करतात. पण समोरच्याचे डोळे भरून आले. मला बरं वाटलं. खोटं बोलल्यावर माणसाला वाईट वाटतं असं म्हणतात — मला त्या दिवशी बरं वाटलं, हे लिहून ठेवतो.

खोट्याला पाय नसतात म्हणतात. या खोट्याला होते, आणि ते पुण्याहून चालत आले. ऋजुता नावाची एक मुलगी, लोकगीतांवर अभ्यास करणारी. तिचा फोन आला, मला ते गाणं म्हणणाऱ्या बायका भेटवा. मी टाळलं. आधी बहार नाही म्हटलं, मग पाऊस आहे म्हटलं. फेब्रुवारीत मृगबहाराची तोडणी सुरू झाली आणि ती सरळ पांढुर्ण्याला उतरली, पाठीवर पिशवी, हातात रेकॉर्डर. आता? मोहगावच्या बाजूला मावशी होती, तिकडं न्यायची सोय नव्हती. मी तिला सावरगावकडच्या एका ओळखीच्या बागेत नेलं. आठ-दहा बायका तोडत होत्या. तोडणीचं गाणं म्हटल्यावर त्या एकमेकींकडे बघून खो खो हसल्या. एक म्हणाली, "बाप्पा, आमी गानं म्हनत बसलो तर ठेकेदार आमची आरती करन."

ऋजुताला वाटलं त्या लाजत आहेत. मी काही बोलायच्या आत तिनं आपल्या मोबाइलवर माझं ते संगीत लावलं. म्हणाली, हे बघा, हे.

बायका पहिल्यांदा ठोक्यावर हसल्या. मग मावशीचा आवाज आला. आणि त्यांचे हात थांबले. शब्द तोडलेले, ओळी उलटसुलट केलेल्या, तरी एका दमात त्यांना कळलं. त्यांतली सगळ्यात वयस्क बाई शिडीवरून खाली उतरली. पदर डोक्यावर घेतला. ऋजुताला म्हणाली, "हे गानं नोहे वं बाई. हे मातीतलं रडनं हाय. कोनाचं तरी लेकरू गेलं हाय." आणि मग माझ्याकडे बघून, "बंद करा ते. भरल्या दुपारी कोनाच्या घरचं रडनं काहून लावून राह्यले?"

मोबाइल बंद झाला. त्या बाईनं बागेतल्या मातीला हात लावून तो कपाळाला लावला, का ते मला माहीत नाही.

परत येताना ऋजुतानं मला विचारलं, त्या असं का म्हणाल्या? मी म्हणालो, खेड्यातल्या बायका, भोळ्या असतात, त्यांना नव्या गोष्टींचं भय वाटतं. तिनं ते वहीत लिहून घेतलं. ज्या बायकांना मिनिटभरात सगळं कळलं त्यांना मी भोळ्या ठरवलं, आणि ते एका शहाण्या मुलीच्या अभ्यासात आता कुठंतरी छापलेलं असेल. तिला बसमध्ये बसवून दिलं. पुन्हा तिचा फोन आला नाही. तिला कळलं होतं की काय, मला माहीत नाही. त्या दिवसानंतर रविवार आला की मी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून आत बसायला लागलो. कोणी यायचं नसतं, तरी.

तुम्हाला वाटेल, हाच तो कबुलीजबाब. आवाज चोरला, खोटं सांगितलं. मलाही बरेच दिवस वाटलं की हाच. आता जे आहे ते सांगतो.

एप्रिलच्या शेवटी मावशी दुकानात आली. सौसरला बस बदलून, एकटी. विनोदचं वर्षश्राद्ध जवळ आलं होतं, त्याचा फोटो मोठा करून फ्रेम करायचा होता. मी तिला मागच्या खोलीत नेऊन खुर्चीवर बसवलं. कॉम्प्युटरवर त्याचा फोटो उघडला, कोणाच्या तरी लग्नातला, त्याच्या खांद्यावरचा माझा हात मला कापून काढायचा होता. मावशी बराच वेळ पडद्याकडे बघत होती. वर्षात ती अर्धी झाली होती. चहा आणला तो तिनं बशीत ओतला आणि बशी तशीच ठेवली.

मग म्हणाली, "गुड्डू, एक पुसू काय?"

म्हटलं, पूस ना मावशी.

"त्या दिवशी मी त्याच्याशी काय बोलली रे? मले काहीच याद नाही. जावा म्हनतात, सुमनबाई, तू असं बोलली का सारं गाव रडलं. मले एक सबूद याद नाही. त्याच्याशी माहं शेवटचं बोलनं होतं ना ते." तिनं बशी बाजूला सारली. "तुह्या हातात मोबाइल होता त्या दिवशी. तू त्याच्यात टेप केलं असन काय थोडंसं? मले फक्त एक डाव आयकाचं हाय."

तुम्ही काय केलं असतं ते मी विचारत नाही.

ज्या पडद्यावर विनोद हसत होता त्याच कॉम्प्युटरमध्ये ते होतं. अख्खं, अकरा मिनिटांचं, न तोडलेलं, एकेक शब्द. मला फक्त दोनदा बटण दाबायचं होतं. हेडफोन तिच्या हाताशी लटकत होते. ती मला ओरडली नसती. मी का टेप केलं हेही तिनं विचारलं नसतं, मला खात्री आहे. ती मला म्हणाली असती, बरं केलं रे बापा.

मी म्हणालो, नाही मावशी. बॅटरी उतरली होती.

"बरं," ती म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "बरं, जाऊ दे. कोनी मुद्दाम थोडीच ठेवते असं." आणि मलाच वाईट वाटू नये म्हणून तिनं थंड झालेला चहा पिऊन टाकला. मी तिला बसस्टँडवर सोडून आलो. खिडकीतून तिनं सांगितलं, वेळेवर जेवत जा.

आवाज चोरल्याचं उघडं पडेल म्हणून मी नाही म्हणालो, असं मी स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे. मावशीला त्या संगीताचं काय? तिच्यापर्यंत ते जगात कधी पोचणार नव्हतं. मी तिला ते ऐकू दिलं नाही त्याचं कारण त्या अकरा मिनिटांत आहे. जगानं ऐकलं त्यात ते नाही. ते मी सगळ्यात आधी कापलं, पहिल्याच दिवशी, बाकी कशालाही हात लावायच्या आधी.

सहाव्या मिनिटाला मावशी विनोदशी बोलायची थांबते आणि मला हाक मारते. "गुड्डू, ये रे. तू सांग त्याले. तुहं आयकते तो." मग पुन्हा, मोठ्यानं, "गुड्डू, काहून उभा हाय रे तिकडं? ये ना माह्याजवळ." कोणीतरी बाई म्हणते, अवं, आना त्याले इकडं. मावशी तिसऱ्यांदा हाक मारते. या वेळी नुसतं नाव.

मी चार हातांवर होतो. मला ऐकू आलं होतं, तिन्ही वेळा. तिनं त्या गर्दीत आपलं दुसरं लेकरू शोधलं होतं, आणि मी हललो नाही. शोकानं पाय गळाले होते म्हणून नाही. कोठीजवळची, माझ्या पायाखालची फरशी सुटलेली होती, पाय उचलला असता तर फरशीचा आवाज फोनमध्ये आला असता. माझ्या मनात तेव्हा तेच होतं, दुसरं काही नव्हतं. कूलर बंद होता, आवाज स्वच्छ येत होता, आणि ती अजून वर चढेल असं मला वाटत होतं.

मी ते पुसलेलं नाही. दुपारी दुकानात कोणी नसलं की कधी कधी तेवढंच एक मिनिट लावतो. तिसऱ्या हाकेनंतर ती थोडा वेळ काहीच बोलत नाही. बांगड्या वाजतात, बाहेर कोणीतरी बांबू टाकतं. ती वाट बघते आहे हे कळतं. मग ती माझं नाव सोडून देते आणि पुन्हा विनोदला हाक मारते.